जुन्या फायबर होडीचं बूच: भोकासकट नव्याने बसवताना

जुन्या फायबर होडीत पाणी साचायला लागलं की पहिला संशय बुचावर जातो, म्हणजे साचलेलं पाणी किनाऱ्यावर काढून टाकायला होडीच्या मागे तळाशी ठेवलेल्या भोकाच्या झाकणावर. नवीन बूच आणायचं, घट्ट पिळायचं आणि पुढच्या फेरीला पुन्हा तेवढंच पाणी उपसायचं. मग बुचाभोवती एमसील थापलं जातं आणि थोड्या दिवसांत तेही सुटतं. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या जुन्या लहान होड्यांच्या मागे वाकून पाहिलंत, तर हा राखाडी गोळा तुम्हाला दिसेल.

पाणी खुद्द बुचातून कमी वेळा येतं. जास्त वेळा ते बूच ज्या भोकात बसतं, त्या भोकाच्या भिंतीतून येतं. लहान होडीचा ट्रान्सम, म्हणजे इंजिन टांगायची मागची उभी भिंत, नुसत्या फायबरचा नसतो. बाहेर काही मिलिमीटर फायबर, आत फायबरचा आणखी एक थर आणि मधोमध प्लायवूड किंवा फळी. होडी बांधताना या तिन्ही थरांतून आरपार भोक पाडतात, त्यात पितळी फिटिंग (आत बुचाच्या आट्या, भोवती स्क्रू मारायची चपटी पट्टी) बसवतात, थोडं सीलंट लावून स्क्रू आवळतात. भोकाच्या आत कापलेलं लाकूड बऱ्याचदा तसंच उघडं राहतं. सीलंट शाबूत आहे तोवर काही कळत नाही. ते कडक होऊन सुटलं की लाकूड पाणी प्यायला लागतं, आणि स्क्रूची भोकं त्याला आणखी वाट करून देतात.

त्याच भिंतीवर इंजिनचा सगळा भार असतो. दहा अश्वशक्तीच्या आसपासचं इंजिन पस्तीस-चाळीस किलोचं, आणि लाटेवर होडी आपटली की हा भार कैक पटींनी ओढ देतो. बुचाभोवतीचं मऊ लाकूड वर सरकत इंजिनच्या बोल्टपर्यंत गेलं, की मामला पाणी उपसण्याचा राहत नाही. म्हणून या कामात बुचापेक्षा भोकाला जास्त वेळ द्यायचा.

बूच सुटलं तर काय होतं, तेही लक्षात असू द्या. २५ मिलिमीटरचं भोक पाण्याच्या पातळीखाली २० सेंटिमीटर असेल, तर सुरुवातीला मिनिटाला साधारण ३५ लिटर पाणी आत येतं. हाताने उपसणाऱ्या माणसाची त्यापुढे लवकरच दमछाक होते.

हात कधी घालायचा

पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात, जून-जुलैत, मासेमारी बंदी असते, होड्या वर ओढलेल्या असतात, त्यामुळे दुरुस्तीची सगळी कामं "बंदीत करू" म्हणून ठेवली जातात. रंगाला, जाळ्याला, इंजिनला ते चालतं. या कामाला ते चालत नाही, कारण सगळं काम लाकूड वाळण्यावर उभं आहे आणि कोकणातल्या जून-जुलैत उंबरठ्यावरचं पायपुसणंसुद्धा वाळत नाही.

भोक उघडून पाहण्याचं काम एप्रिलमध्ये करा आणि भरण्याचं मेच्या पहिल्या पंधरवड्यात. पाऊस संपल्यावरचं ऑक्टोबरचं ऊनही उत्तम. बिघाड जूनमध्येच कळला, तर तेव्हा उघडा, गोड्या पाण्याने धुवा आणि होडी पत्र्याखाली घेऊन आतून वाळवत राहा, पण भरायची घाई नको. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात घालायचीच आहे, म्हणून ओल्या लाकडावर इपॉक्सी (हार्डनर मिसळून घट्ट होणारं रेझिन) ओतणं म्हणजे ओल आत कोंडून ठेवणं.

गळती नेमकी कुठून

काहीही खोलण्याआधी ही परीक्षा करा. होडी ओंडक्यांवर किंवा चिऱ्यांवर सपाट टेकवा आणि मागची बाजू किंचित खाली ठेवा. बुचाच्या बाहेरची जागा फडक्याने कोरडी करून त्यावर टाल्कम पावडर किंवा खडूची पूड पातळ फासा. मग आत पाणी ओता, बुचाच्या वर चार बोटं येईल एवढंच. होडी बाहेरचं पाणी पेलायला बांधलेली असते. आत काठोकाठ भरलेल्या पाण्याचं वजन ओंडक्यांवर टेकलेल्या तळाला सोसत नाही.

आता बाहेर बसून पावडरीकडे पाहत राहा. पहिला काळपट ओला ठिपका कुठे उमटतो, त्यावरून बरंच कळतं. बुचाच्या मधोमध किंवा आट्यांच्या कडेने ओल आली, तर दोष बुचाचा, रबराचा किंवा आट्यांचा. तुमचं काम तासाभराचं. फिटिंगच्या पट्टीच्या कडेने आली तर सीलंट गेलं. स्क्रूच्या डोक्याभोवती आली तर पाणी लाकडातून फिरून येतंय आणि हा लेख तुमच्याचसाठी आहे. फिटिंगपासून वीतभर लांब, जेलकोटच्या (फायबरवरच्या गुळगुळीत बाहेरच्या थराच्या) बारीक चिरेतून ओल आली, तर चिंता जास्त, कारण पाणी भिंतीच्या आत बराच प्रवास करून बाहेर पडतंय.

पाणी काढून टाकल्यावर ट्रान्सम ठोकून पाहा. स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने बुचापासून सुरुवात करून बाहेर, वर, दोन्ही बाजूंना ठोकत जा. चांगल्या जागी आवाज टणक आणि आखूड येतो. लाकूड कुजलेलं किंवा फायबरपासून सुटलेलं असेल, तिथे तो बोदा होतो. अशी जागा पेन्सिलीने घेरून ठेवा.

मग खात्री. होडीच्या आतल्या बाजूने ४ मिलिमीटरच्या बिटने, बाहेरचं फायबर न फोडता, लाकडापर्यंत भोक पाडा आणि बिटवर आलेला भुसा बोटांत चुरडून पाहा. फिकट, कोरडा, कुरकुरीत भुसा म्हणजे लाकूड ठीक. काळसर, ओला, चहाच्या चोथ्यासारखा गोळा होत असेल आणि आंबूस वास येत असेल, तर ती जागा गेली. बुचापासून पाच-पाच सेंटिमीटर बाहेर सरकत कोरडा भुसा येईपर्यंत पाहत जा. बिटला खुणेची टेप गुंडाळा, म्हणजे ते आरपार जाणार नाही. ही भोकं वाया जात नाहीत. पुढे लाकूड वाळायला त्यांचीच मदत होते.

कूज बुचाभोवती पाच-सात सेंटिमीटरच्या आत असेल, तर पुढचं काम घरच्या घरी होतं. इंजिनच्या बोल्टपर्यंत ओला भुसा निघत असेल, तर इथेच थांबा. तिथे ट्रान्समचं लाकूडच बदलावं लागतं. ते जाणत्या फायबरवाल्याचं काम आहे. ते सोडून नुसतं बूच नवं बसवलं, तर मागची भिंत आतून जात राहते आणि बाहेरून सगळं नीटनेटकं दिसतं.

जुनं फिटिंग काढताना

जुने स्क्रू बहुतेक वेळा फिरत नाहीत. आधी डोक्यातली खाच टोच्याने कोरून रंग आणि मीठ काढा. खाचेत पूर्ण बसेल असाच स्क्रूड्रायव्हर घ्या. तरीही हलला नाही तर सोल्डरिंगचं तापलेलं टोक दोनेक मिनिटं डोक्यावर धरा. स्क्रू फुगतो, त्याला धरून बसलेलं सीलंट मऊ होतं आणि थंड व्हायच्या आत तो फिरतो. डोकं तुटलंच तर घाबरू नका. भोवतालचं लाकूड आपण कोरणारच आहोत, त्यात तो तुकडा निघेल.

स्क्रू निघाले तरी पट्टी सुटत नाही. कडेने कटरचं पातं फिरवून सीलंट कापा. पुट्टीची पातळ पट्टी एका कोपऱ्यात सरकवून हातोडीने हलके ठोकत चारही बाजूंनी पुढे न्या. गरम हवेची गन असेल तर थोडी ऊब द्या, फायबरला हात लावता येईल एवढीच. पटाशीने उचकटायचंच झालं, तर खाली लाकडाची चपटी पट्टी ठेवा. जेलकोटच्या कडेवर थेट जोर दिला की टवका उडतो आणि त्याची दुरुस्ती वेगळी करावी लागते.

काही जुन्या होड्यांत आट्यांचं फिटिंग नसून पातळ पितळी नळी असते. तिचं एक किंवा दोन्ही टोकं उलटी दुमडलेली असतात. बाहेरचं दुमडलेलं काठ कानशीने घासून टाका आणि बाहेरून आत ठोकून नळी काढा. अशी नळी परत बसवू नका, हे माझं ठाम मत. ती इतकी पातळ असते की खारं पाणी तिला मधूनच खातं, आणि ते बाहेरून दिसत नाही.

काढलेलं पितळ सुरीने खरवडून पाहा. पिवळ्याऐवजी तांबूस-गुलाबी, भुरभुरीत निघालं, तर त्यातला जस्त खाऱ्या पाण्याने खाऊन टाकलेला आहे. तसं फिटिंग चांगलं दिसलं तरी चिमटीत मोडू शकतं. ते भंगारात.

काढण्याच्या आधी, मूळ भोकाचा मध्यबिंदू जपायला विसरू नका. फिटिंगच्या मधून दोन दोरे आडवे-उभे ताणा आणि त्यांची टोकं होडीवर लांब चार ठिकाणी टेपने खुणावून ठेवा. भरलेलं भोक नंतर सापडत नाही.

कोरणं आणि वाळवणं

सगळं काम या टप्प्यावर ठरतं. इथे कंटाळा केला तर पुढचं महागडं इपॉक्सी वाया जातं.

दोन फायबरच्या मधलं कुजलेलं लाकूड काढायला अरुंद छिन्नी, आणि टोकाला वाकवून धार केलेला जाड खिळा लागतो. खिळा ड्रिलमध्ये धरून हळू फिरवला की तो दोन थरांच्या मधोमध आडवा शिरतो आणि मऊ लाकूड ओरबाडून काढतो. टणक, कोरडं लाकूड लागेपर्यंत खरवडा. चांगल्या लाकडातही आणखी अर्धा-एक सेंटिमीटर आत जा, म्हणजे नव्या भोकाभोवती इपॉक्सीची जाड भिंत मिळते. लाकूड शाबूत असलं, तरी एवढं कोरायचंच.

मग धुवा. लाकूड वाळवायचं आणि त्यात पाणी ओतायचं, हे विचित्र वाटतं, पण कारण पक्कं आहे. लाकडात शिरलेलं मीठ हवेतली ओल ओढत राहतं, आणि असं लाकूड मे महिन्यातही पूर्ण वाळत नाही. गोड्या पाण्याने दोन-तीनदा सावकाश धुवा, दरवेळी पाणी पूर्ण निथळू द्या.

आता वाळवण. दिवसा ऊन भोकावर येईल अशी होडी फिरवा, रात्री ताडपत्रीखाली ठेवा. ऊन नसेल तर ट्रान्समच्या आत, भोकापासून हातभर अंतरावर, जुन्या पद्धतीचा १०० वॅटचा पिवळा बल्ब लावा आणि वर ताडपत्रीचा छोटा तंबू करा. एलईडी बल्बची ऊब पुरत नाही. तंबूला वर एक फट ठेवा, नाहीतर ओल आतच फिरत राहते. बल्बची वायर आणि होल्डर ओल्या जागेपासून दूर असू द्या.

वाळलं की नाही, हे हाताने कळत नाही. स्वच्छ पॉलिथिनचा तुकडा भोकावर चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि दिवसभर उन्हात राहू द्या. संध्याकाळी आतल्या बाजूला दव दिसलं, तर लाकूड अजून ओलं आहे. दव येणं थांबेपर्यंत थांबा. कधी आठवडा लागतो, कधी तीन.

भरणं

किनाऱ्यावर फायबरचं बहुतेक काम साध्या पॉलिएस्टर रेझिनने होतं आणि मोठ्या कामाला ते परवडतं. या भोकाला मात्र इपॉक्सीच वापरा. पॉलिएस्टर घट्ट होताना आकसतं, लाकडाला आणि जुन्या फायबरला तितकं धरत नाही, आणि एका बारीक फटीनेही आपली मेहनत पाण्यात जाते. इपॉक्सी महाग असलं, तरी इथे पाव-अर्धा किलोच्या वर लागत नाही.

कोणी पॉलिएस्टरच वापरणार असेल, त्याच्यासाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. आपल्याकडे कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालायचं रसायन) आणि हार्डनर वेगवेगळ्या बाटल्यांत मिळतात. हे दोन थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, एकाच मापातून ओतूही नका. पेट घेतात, स्फोटही होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, त्यानंतरच हार्डनर घालायचं.

इपॉक्सीत रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण कंपनीने सांगितलेलं, तेच आणि तेवढंच. लवकर सुकावं म्हणून जास्त हार्डनर घातलं, तर जादा हार्डनर तसंच राहतं आणि भरणी मऊ पडते. लहान मापाला वजनकाटा बरा, ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला चालतो. डब्याच्या कडा आणि तळ खरवडत दोन-तीन मिनिटं ढवळा.

काम दुपार उतरल्यावर सुरू करा. सकाळी लाकूड तापत जातं, त्यातली हवा फुगते आणि ओल्या इपॉक्सीतून बुडबुडे काढते. तापमान उतरत असताना हवा आकसते आणि इपॉक्सी लाकडात ओढून घेते. शिवाय मेच्या भर दुपारी डबाभर इपॉक्सी काही मिनिटांतच तापून धूर सोडायला लागतं. थोडंथोडं मिसळा, आणि खोल डब्याऐवजी पसरट ताटलीत ठेवा.

भोकाच्या आतलं फायबर ६० नंबरच्या पॉलिश पेपरने खरडून अॅसिटोनने पुसा. बाहेरच्या तोंडावर तपकिरी पॅकिंग टेप ताणून लावा, इपॉक्सी तिला चिकटत नाही. टेपच्या मागे प्लायचा तुकडा टेकवा, नाहीतर भरणीच्या वजनाने ती फुगते. मग आतल्या बाजूने पातळ इपॉक्सी ब्रशने लाकडाच्या कडेला फासा. कोरडं लाकूड ते झटकन पितं आणि कड निस्तेज दिसते. पुन्हा फासा. कड ओली आणि चकचकीत राहायला लागली, म्हणजे तिचं पोट भरलं.

हा थर चिकट असतानाच घट्ट भरणी. इपॉक्सीत एरोसिल (सिलिकाची अगदी हलकी पूड) घालत राहा, चमच्यावरून ओघळत नाही इतकं दाट होईपर्यंत. एरोसिल हवेत उडतं आणि फुप्फुसात जातं, त्यामुळे मास्क घालूनच. दाभणाने किंवा जुन्या सिरिंजने कोपऱ्याकोपऱ्यात दाबत भरा, हवा राहू देऊ नका. पोकळी मोठी असेल तर दोन वेळा भरा, एकदम जाड थर तापून तडकतो. तपासणीची ४ मिलिमीटरची भोकंही याच भरणीने बुजवा.

फायबरचा थर फुटला असेल किंवा भोक फार मोठं झालं असेल, तर आतून आणि बाहेरून काचेच्या कापडाचे दोन-तीन थर घाला, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा मोठा. इथे विणलेलं कापड घ्या. साध्या चॉप मॅटचे सुटे तंतू बांधून ठेवणारा पदार्थ पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळावा असा असतो, इपॉक्सीत तो नीट विरघळत नाही आणि मॅट कोरडी राहते.

भरणी घट्ट झाली की तिच्यावर कधीकधी मेणचट चिकट थर येतो. तो घासण्याआधी साध्या पाण्याने आणि खरखरीत स्क्रबरने धुवा. न धुता घासलात तर तो चिकटा आत रगडला जातो आणि रंग धरत नाही. रंगाचं बोलायचं तर, इपॉक्सीवर पॉलिएस्टरचा जेलकोट नीट बसत नाही. त्याऐवजी इपॉक्सी प्रायमर आणि वर पीयू (पॉलियुरेथेन) रंग लावा.

घासताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, चष्मा, एन९५ मास्क. फायबरची धूळ अंगाला लागली तर थंड पाण्याने धुवा, चोळू नका.

नवीन भोक

दोरे पुन्हा खुणांवर ताणा, मध्य मिळेल. तो तसाच ठेवायचा की हलवायचा, हे ठरवण्याची संधी हीच. पुष्कळ जुन्या होड्यांत भोक आतल्या तळापेक्षा बोटभर वर असतं, त्यामुळे बूच काढलं तरी तेवढं पाणी कायम साचून राहतं. थोडं खाली घेता येत असेल तर घ्या. पण ट्रान्सम आणि तळ यांच्या कोपऱ्यातल्या गोलाईत भोक पाडू नका. होडीची ताकद त्या कोपऱ्यात असते.

आधी ३ मिलिमीटरच्या बिटने मध्यभागी आरपार छिद्र करा, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन. मग फिटिंगच्या मापाचा होल-सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) घ्या. भोवती टेप लावा, जेलकोट कापेपर्यंत ड्रिल उलटा फिरवा, नंतर सुलटा. अर्ध्यापर्यंत बाहेरून आणि उरलेलं आतून कापा. आरपार एकाच बाजूने गेलात, तर पलीकडचा जेलकोट उखडतो.

भोकात बॅटरी मारून पाहा. चारही बाजूंना इपॉक्सीच दिसायला हवं. कुठे लाकडाची तपकिरी रेघ दिसली, तर तिथे पुन्हा पातळ इपॉक्सी फासा आणि सुकू द्या. शेवटी दोन्ही तोंडांच्या कडा कानशीने किंचित तिरप्या करा. तिथे सीलंटची अंगठी धरून राहील.

फिटिंग आणि बूच कोणतं

खाऱ्या पाण्याला गनमेटल (तांब्यात कथील घातलेला मिश्रधातू) सर्वात भरवशाचं. तयार मिळालं नाही, तर लेथवाल्याकडून पट्टीसकट करून घेता येतं. बाथरूमच्या दुकानातलं चकचकीत क्रोमचं पितळ घेऊ नका, त्यात जस्त भरपूर असतो. स्टेनलेस घ्यायचं तर ३१६ दर्जाचं. साध्या ३०४ ला सीलंटखाली, जिथे हवा पोचत नाही, तिथे खड्डे पडतात. चांगल्या नायलॉनचं फिटिंगही गोड्या पाण्यात, धरणावरच्या होडीला छान चालतं, पण वर्षानुवर्षं उन्हात राहून ते ठिसूळ होतं.

आट्यांच्या बाबतीत एक फसगत होते. आपल्याकडची नळकामाची आटी बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाची असते, आणि परदेशातून मागवलेलं बूच बऱ्याचदा अमेरिकन एनपीटी आटीचं. अर्धा इंच आणि पाऊण इंच या मापांत दोन्हींना इंचाला १४ आट्या, म्हणून एक दुसऱ्यात दोन-तीन फेरे सहज जातं. पण आटीचा कोन एकाचा ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. पुढे ते अडकतं, गळतं आणि जोर दिला तर आटी खातं. फिटिंग आणि बूच जोडीनेच घ्या, आणि जास्तीचं बूचही त्याच वेळी.

आट्यांऐवजी रबरी बूचही मिळतं. खटका दाबला किंवा मूठ फिरवली की रबर फुगून भोक धरतं. ते चटकन लागतं आणि निघतं. मी ते होडीच्या आतून लावणं पसंत करतो. पाण्यात असताना हात पोचतो, आणि किनाऱ्यावर होडी ओढताना वाळूत घासून निघत नाही.

बसवणं

सीलंट समुद्रकामाचं पॉलियुरेथेन घ्या, सिकाफ्लेक्स २९१ च्या जातीचं. बाथरूमचं सिलिकॉन नको. ते सुटतं, आणि त्याचा अंश राहिलेल्या जागेवर पुढे काहीच चिकटत नाही. कायमचं चिकटवणारं अतिजोरकस सीलंटही नको. काही वर्षांनी हे फिटिंग परत काढायचं आहे.

फिटिंग कोरडंच लावून स्क्रूच्या जागा खुणवा. स्क्रूच्या गाभ्याएवढ्या बिटने भोकं पाडा आणि त्यांची तोंडं थोडी रुंद करा, म्हणजे आवळताना जेलकोटला चीर जात नाही. फिटिंगच्या भोवती आणि भोकाच्या भोवती टेप लावा. दोन्ही पृष्ठभाग अॅसिटोनने पुसा, पेट्रोलने किंवा रॉकेलने नाही, त्यांचा तेलकटपणा राहतो.

सीलंट नळीवर, पट्टीच्या मागे, भोकाच्या तिरप्या कडेत आणि प्रत्येक स्क्रूच्या भोकात. फिटिंग दाबताना थोडं फिरवा. स्क्रू आळीपाळीने, कडेने सीलंट सगळीकडून सारखं बाहेर येईपर्यंत आवळा आणि थांबा. ताकदीने पिळलं तर सगळं सीलंट बाहेर येतं आणि मध्ये काहीच उरत नाही. बाहेर आलेलं ओल्या बोटाने सारखं करून टेप लगेच काढा.

पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत सुकत जातं, दिवसाला साधारण ३ मिलिमीटर. वरून कोरडं झालं म्हणजे आतून झालं नाही. आठवडाभर हात लावू नका. मग तीच पावडरची परीक्षा, आत पाणी ठेवून रात्रभर. सकाळी पावडर पांढरीशुभ्र कोरडी असली पाहिजे.

होडीत हवेचे बंद कप्पे असतील आणि त्यांना स्वतःची बुचं असतील, तर ती याच वेळी पाहून घ्या. होडी उलटली तर तीच तिला तरंगती ठेवतात. कप्प्याचं बूच काढल्यावर पाणी आलं, तर आतला फोमही ओला झाला असण्याची शक्यता आहे. तो आतल्या आत वाळत नाही, कापून बदलावा लागतो.

वापरात

आट्यांच्या बुचाला टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, पाण्याला टिकणारं मरीन ग्रीस पुरतं. टेपमुळे बूच गरजेपेक्षा खोल पिळलं जातं आणि निघताना फिटिंगच फिरवतं. हाताने घट्ट, वर पान्याचा पाव फेरा, एवढं बस. रबरी बूच होडी किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असताना सैल ठेवा. दाबून ठेवलेलं रबर त्याच आकाराचं होऊन बसतं. रबराला पेट्रोल-डिझेल लागू देऊ नका, आणि कडेला बारीक चिरा दिसल्या की बदला.

पावसाळ्यात होडी शाकारून ठेवली, तरी बूच काढलेलंच असावं आणि नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, उंच. कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो, आणि झापांच्या एखाद्या फटीतूनही होडी भरते. भोकावर माडाची चुडतं, सुरूची पानं अडकतात. दर आठवड्याला बोट घालून मोकळं करा.

काढलेलं बूच दोरीने इंजिनच्या किल-कॉर्डला (ओढली की इंजिन बंद करणाऱ्या दोरीला) बांधून ठेवा. कॉर्ड लावल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही, आणि कॉर्ड हातात आली की बूचही हातात येतं. जास्तीचं बूच होडीतच, हात पोचेल अशा जागी, एका लाकडी खुंटीसोबत. वेळ पडली तर चिंधी गुंडाळून ती खुंटी ठोकली, तरी किनाऱ्यापर्यंत येता येतं.

वर्षातून एकदा फिटिंगचा खालचा एक स्क्रू काढून पाहा. कोरडा आणि चकचकीत निघाला, तर सीलंट लावून परत घाला. ओला किंवा काळा निघाला तर सीलंट कुठेतरी सुटलं आहे. त्याच आठवड्यात फिटिंग उतरवून, भोकाची भिंत बॅटरीने तपासून, नवीन सीलंटवर बसवा. इपॉक्सीची भिंत शाबूत असेल, तर कोरायचं काम पुन्हा करावं लागत नाही.